मदतनीस आणि नियामक एकच असत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमांवरील शिवीगाळ आणि फसवणूक यांना आळा कसा घालावा, याची चर्चा आपल्या दैनिकातून अधूनमधून होत असते. त्या चर्चेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरली जाते, ती अशी की अडलेल्याला तांत्रिक मदत करणे हे एक खाते आणि वाह्यात माणसाला आवरणे हे दुसरे. चॅट रूमच्या सुरुवातीच्या काळात अशी विभागणी नव्हती. ही दोन्ही कामे बहुधा एकच माणूस, त्याच खोलीत बसून आणि बहुतेक वेळा विनामोबदला करत असे, आणि त्या काळच्या नियमनात जे काही चांगले होते ते या एकत्रपणामुळेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच आयआरसी, ही लेखी गप्पांची व्यवस्था सुरू केली. त्यात रिकाम्या चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, जो पहिला शिरेल तो आपोआप त्याचा ऑपरेटर होई आणि त्याच्या टोपणनावाआधी एक खूण दिसू लागे. एखाद्याला बाहेर काढणे, त्याच्या पुनःप्रवेशावर बंदी घालणे, किंवा सर्वांना गप्प करून निवडक लोकांनाच बोलण्याची मुभा देणे, एवढे अधिकार त्याच्याकडे असत. कोणाला कोणी काढले आणि काढताना कोणते कारण लिहिले, हे खोलीतील प्रत्येकाला तत्क्षणी दिसत असे. ओइकारिनेन आणि डॅरन रीड यांनी मे १९९३ मध्ये या व्यवस्थेचे जे तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध केले, त्यात सर्व्हर, म्हणजे आयआरसीचे जाळे पेलणारे संगणक, चालवणाऱ्यांना दिलेल्या हकालपट्टीच्या अधिकाराचे समर्थन करणे नाजूक असल्याची कबुली आहे, कारण त्याचा दुरुपयोग विघातकही असतो आणि त्रासदायकही. तांत्रिक दस्तऐवजात असे वाक्य सहसा आढळत नाही.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडेल असे खाते केवळ अक्षरांचे होते, त्यावर चित्र उमटत नसे. आयआरसी मात्र अक्षरांवरच चालत असल्याने त्या खात्यावर उत्तम चाले, आणि मुंबई-पुण्यातील आमच्या पिढीच्या अनेकांना संगणकाची पहिली खरी शिकवणी मिळाली ती अशाच मदत-चॅनेलमध्ये, कधीही न भेटलेल्या माणसांकडून.

मदत आणि शिस्त एकमेकांत किती गुंतलेली होती, हे एका प्रकारावरून समजेल. संगणकाला फोनच्या तारेने इंटरनेटशी जोडणाऱ्या मोडेमला आज्ञा देण्याची रीत अशी होती की तीन अधिक चिन्हे पाठवली की तो पुढची अक्षरे आज्ञा म्हणून वाचे, आणि त्यापुढे 'एटीएच-शून्य' आले की फोन ठेवून देई. या चिन्हांच्या आधी आणि नंतर सेकंदभर शांतता असेल तरच ती आज्ञा समजावी, अशी सुरक्षित पद्धत मोडेम बनवणाऱ्या हेज कंपनीने शोधली होती आणि तिचे पेटंटही घेतले होते. ते पेटंट टाळण्यासाठी काही स्वस्त मोडेमांनी शांततेची अट सोडून दिली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात खोडसाळांना याचा सुगावा लागला. संपर्काचा वेग तपासण्याच्या नेहमीच्या विनंतीत ते ही अक्षरे घुसवत, समोरचा संगणक प्रामाणिकपणे तीच अक्षरे उत्तरादाखल परत पाठवी, ती त्याच्याच मोडेममधून बाहेर पडत आणि फोन तुटे. ज्याच्या घरी एमटीएनएलचे फोनबिल वडील भरत असत आणि ज्याला पुन्हा जोडणी मिळवण्यासाठी सतत व्यस्त लागणारा क्रमांक फिरवावा लागे, त्याला हा विनोद किती महाग पडे ते सांगायला नको. अशा वेळी चॅनेलचा ऑपरेटर काय करी? खोडसाळाला तो बाहेर काढी, आणि बळी पडलेला परतला की त्याला मोडेमच्या सुरुवातीच्या सूचनांमध्ये 'एस-२ बरोबर २५५' असे लिहायला सांगे, म्हणजे मोडेम त्या अधिक चिन्हांना दाद देत नसे. मोडेम कसा चालतो हे न कळणाऱ्या नियामकाला येथे गुन्हा घडला आहे हेच कळले नसते, कारण वरवर पाहता घडले ते इतकेच की एकाने साधी विनंती पाठवली आणि दुसऱ्याचा फोन कटला.

याहून सूक्ष्म प्रश्न निष्पाप अपराध्यांचा होता. १९९७च्या अखेरीस आयआरसीसाठीच्या एमआयआरसी या लोकप्रिय सॉफ्टवेअरमधून 'स्क्रिप्ट डॉट आयएनआय' नावाची फाइल पसरू लागली. ती एकदा स्वीकारली की खोलीत येणाऱ्या प्रत्येक नवागताला तीच फाइल पाठवली जाई, आणि पाठवणाऱ्याला आपण काय करतो आहोत याचा पत्ताही नसे. मे २००० मध्ये जगभर हाहाकार माजवणाऱ्या 'आय लव्ह यू' विषाणूनेही ई-मेलसोबत हीच वाट वापरली होती. असा माणूस खोलीत ठेवणे शक्य नव्हते आणि त्याला गुन्हेगार ठरवणेही योग्य नव्हते. चांगले ऑपरेटर त्याला बाहेर काढत, पण त्याच वेळी खासगी संवाद उघडून कोणती फाइल पुसायची ते सांगत, खात्री झाली की बंदी उठवत. आजच्या बंद पडलेल्या खात्यांच्या मालकांना मिळणारे ठोकळेबाज उत्तर ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा फरक लगेच जाणवेल.

मदतीच्या खोल्यांमध्ये शिवीगाळीपेक्षा मोठा अपराध होता तो चुकीच्या सल्ल्याचा. नवख्याला 'ऑल्ट आणि एफ-४ दाबा म्हणजे वेग वाढेल' असे सांगून त्याची खिडकी बंद पाडणे हा त्यातला सौम्य प्रकार. लिनक्स या संगणकप्रणालीच्या खोल्यांत मात्र सगळ्या फाइली पुसून टाकणारी आज्ञा कोणीतरी साळसूदपणे सुचवत असे आणि त्यासाठी तत्काळ बंदी येई. वाक्यात एकही अपशब्द नाही, सूर नम्र आहे, तरीही ते वाक्य त्या खोलीतील सर्वांत घातक आहे, हे ओळखायला ती आज्ञा काय करते ते माहीत असावे लागते.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ऑपरेटरांपैकी अनेक जण उर्मट होते, क्षुल्लक कारणावरून लोकांना हाकलत. दोन सर्व्हरांमधील दुवा तुटून खोली दुभंगली की रिकाम्या बाजूला शिरून ऑपरेटरपद बळकावणे आणि दुवा जुळताच मूळ ऑपरेटरांना पदच्युत करणे हा तर काहींचा छंदच होता. त्यावर कोणी राखणदार बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, बसवले, तर १९९४ मध्ये सुरू झालेल्या डालनेट या आयआरसी जाळ्याने टोपणनाव आणि चॅनेल यांच्या नोंदणीची सोय केली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या फ्रीनोड या जाळ्याने आणखी शहाणपणाचा संकेत रुजवला: ऑपरेटरने खूण मिरवत बसू नये, गरज पडल्यावर अधिकार घ्यावा आणि काम होताच तो उतरवून ठेवावा. मे २०२१ मध्ये मालकीच्या वादातून तेथील स्वयंसेवक कर्मचाऱ्यांनी बाहेर पडून लिबेरा चॅट सुरू केले, तेव्हा अनेक प्रकल्पांच्या खोल्या त्यांच्यापाठोपाठ तिकडे गेल्या.

व्यापारी सेवांची कहाणी वेगळी आणि अधिक बोधक आहे. अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवा कंपनीच्या खोल्यांत हजारो स्वयंसेवक नवख्यांना वाट दाखवत आणि नियमभंगाची नोंद करत. त्यांना प्रशिक्षण असे, पाळ्या असत आणि मोबदला म्हणून सेवेचे शुल्क माफ असे. ताशी शुल्काच्या दिवसांत ही सवलत मोलाची होती, परंतु डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने महिन्याला एकच ठरावीक आकार लावला आणि तिचे मोल एकदम घसरले. १९९९ मध्ये माजी स्वयंसेवकांनी, आम्ही प्रत्यक्षात कर्मचारीच होतो, असा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात केला, आणि दीर्घकाळाने दीड कोटी डॉलरची तडजोड झाली. त्यांचा दावा मला न्याय्य वाटतो. मात्र कंपन्यांनी त्यातून घेतलेला धडा, 'या माणसांना पगार द्यावा' असा नसून 'ही माणसेच नकोत' असा होता.

यंत्रावर काम सोपवण्याचे परिणाम त्याच कंपनीत आधीच दिसले होते. १९९५ मध्ये 'स्तन' या अर्थाचा इंग्रजी शब्द निषिद्ध ठरवल्याने स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलांची पंचाईत झाली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांना, गावाच्या नावात एक अश्लील अक्षरसमूह दडलेला असल्यामुळे, नोंदणीच करता येईना. दुसरीकडे भामटे कंपनीचे कर्मचारी असल्याची बतावणी करून पासवर्ड मागत होते, आणि त्यांच्या अतिसभ्य वाक्यांत चाळणीला अडकण्यासारखे काहीच नव्हते. आज बँकेतून बोलतो आहे असे सांगून ओटीपी मागणाऱ्यांचे हेच पूर्वज. अखेर मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ मध्ये, मुलांच्या सुरक्षेचे आणि अनाहूत जाहिरातींचे कारण देऊन, अनेक देशांतील आपल्या विनामूल्य चॅट रूम बंद केल्या, आणि याहूच्या सार्वजनिक खोल्या डिसेंबर २०१२ मध्ये गेल्या.

मराठीच्या बाबतीत यंत्राची अडचण दुहेरी आहे. त्या खोल्यांत आम्ही मराठी रोमन लिपीत लिहीत होतो, आजही असंख्य लोक तसेच लिहितात, आणि प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. मित्राला प्रेमाने हासडलेली शिवी आणि अनोळखी मुलीला दिलेली धमकी यांतला फरक कळायला मराठी बोलणारे माणूसच हवे. व्हॉट्सअ‍ॅपच्या अ‍ॅडमिनकडे भाषा असते, पण साधने तुटपुंजी असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, समान उद्देश नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला, तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेश पुसण्याची सोयदेखील नव्हती.

केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांवर तक्रार अधिकारी नेमण्याचे आणि दरमहा अहवाल देण्याचे बंधन घातले, हे योग्यच झाले. परंतु तक्रार ज्याने वाचली त्याला मराठी येते का, हे त्या अहवालातून कळत नाही. युरोपीय संघाच्या २०२२च्या डिजिटल सेवा कायद्यानुसार अतिविशाल मंचांना, नियमनाच्या कामावर कोणत्या भाषेसाठी किती माणसे आहेत आणि त्यांची पात्रता व प्रशिक्षण काय आहे, हे भाषावार जाहीर करावे लागते. आपल्या नियमांतही हीच तरतूद मराठीसह सर्व अनुसूचित भाषांसाठी व्हावी, आणि हे लोक केवळ मजकूर पुसणारे आहेत की अडलेल्या वापरकर्त्याशी बोलण्याचा अधिकारही त्यांना आहे, हेही त्याच अहवालात नमूद करणे बंधनकारक असावे. महाराष्ट्रातील खासदारांनी हा मुद्दा संसदेत मांडावा, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे