ट्रान्सपोर्टनगरच्या वायरमनदादांना

दादा, नमस्कार.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये तुमच्याकडे बॅटरीचं टर्मिनल बदलायला आलेला आमचा ट्रक तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. टर्मिनलचं काम झालं, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत, तो व्यवहार तिथेच संपला. आमच्या ह्यांनी निघता निघता गाडीच्या स्क्रीनवर फोनचे मेसेज दिसत नाहीत, त्याबद्दल सहज विचारलं आणि तुम्ही टेस्ट लॅम्प खिशात टाकून केबिनमध्ये चढून बसलात. हे पत्र त्या पुढच्या वेळासाठी आहे. मी तेव्हा शेजारच्या सीटवरच होते, त्यामुळे तुम्ही काय काय केलंत ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

आमचा धंदा मेसेजवर चालतो. चाकणला माल भरायचा, कधी रांजणगावला तर कधी साताऱ्याला उतरवायचा. कंपनीच्या गेटवर ओटीपी लागतो, तो एसएमएसने येतो. खेड शिवापूरला फास्टॅगचे पैसे कटले की एसएमएस. गाडी कुठल्या डॉकला लावायची तेही सुपरवायझर मेसेजनेच कळवतो. बिल्टी म्हणजे मालाची पावती, हिशोब, पुढचं भाडं हे मी मोशीतून घरून बघते, म्हणजे माझेही मेसेज दिवसभर चालूच. डॅशबोर्डवर फोन वाजला की ह्यांची नजर तिकडे जाणार, याचा घोर मला घरी बसून लागायचा. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार ज्यांनी भरल्या गाडीने उतरलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. ओटीपी वाचायला पाच सेकंद धरा, 80 मीटरच्या वर रस्ता न बघता गेला. कायद्याचं तर आहेच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीपासून गाडी चालवताना हातात फोन वापरणं कलम 184 खाली येतं आणि पहिल्याच वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरं सांगते, मला भीती दंडाची नव्हती.

गाडीला कंपनीचीच टच स्क्रीन आहे. फोन जोडला की कॉल यायचे, नावं दिसायची, गाणी लागायची. मेसेजचा कप्पा मात्र कायम रिकामा. ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांनी एक तर फोन जुना झाला म्हणून सांगितलं, नाही तर स्क्रीनच बदला म्हणाले. एकाने तर दुसऱ्या स्क्रीनचा भावसुद्धा काढून ठेवला होता.

तुम्ही आधी विचारलंत, ‘वहिनी, दिसत नाही तो मेसेज कुठला? साधा एसएमएस, की व्हॉट्सॲप?’ तोपर्यंत हा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता, आणि सगळी गोम त्यातच होती.

ब्लूटूथ म्हणजे एकच एक वाट नाही, हे तुम्ही फार सोपं करून सांगितलंत. कॉलची वाट वेगळी, गाण्यांची वेगळी, फोनबुकची वेगळी आणि मेसेजची वेगळी. मेसेजच्या वाटेला मॅप म्हणतात. फोनने त्या वाटेला परवानगी दिली नसेल तर बाकी सगळं चालतं आणि मेसेज तेवढे अडतात. मग तुम्ही फोनमधून गाडीचं नाव काढून टाकलंत आणि गाडीच्या यादीतून फोनचंही. ‘एकाच बाजूने काढलं तर जुनी खूण राहते,’ म्हणालात. दोन्ही बंद करून चालू केले आणि पुन्हा जोडले. या वेळी फोनवर परवानगीची खिडकी आली तेव्हा तुम्ही ह्यांचा हात धरून थांबवलंत आणि मला ती वाचायला लावलीत. कॉन्टॅक्टची परवानगी, मग मेसेजची. नंतर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारच्या सेटिंगच्या चाकावर दाबून मेसेजचं बटण चालू झालंय की नाही, तेही दाखवलंत. तुमच्या फोनवरून ‘ट्रायल’ असा एसएमएस सोडलात आणि स्क्रीनवर तुमचा नंबर उमटला. बटण दाबल्यावर गाडीने तो वाचूनही दाखवला!

दुसरा कोणी असता तर इथेच खाली उतरला असता. तुम्ही मला म्हणालात, ‘आता तुम्ही पाठवा.’ आणि माझा मेसेज आला नाही. तुम्ही माझा फोन मागून घेतलात, मेसेज उघडलात आणि खाली लिहिलेला ‘आरसीएस’ हा शब्द बोटाने दाखवलात. आमच्या दोघांच्या फोनमध्ये मेसेज ॲपचं चॅट चालू होतं. त्यामुळे माझा मेसेज साधा एसएमएस म्हणून जातच नव्हता, इंटरनेटवरून जात होता, आणि आमच्या गाडीला तो दिसत नव्हता. तुम्ही दोन्हीकडचं चॅट बंद केलंत. पॅकमध्ये रोजचे 100 एसएमएस असतातच, ते इतके दिवस पडून होते. एवढी बारीक गोष्ट तुम्ही शोधलीत म्हणून ओटीपीच्या बरोबरीने माझे मेसेजही ह्यांना मिळायला लागले. नाहीतर दुरुस्ती झाली असं समजून आम्ही घरी गेलो असतो आणि मी घोर करत बसले असते.

व्हॉट्सॲपचंही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. ते मेसेज व्हॉट्सॲप स्वतःकडेच ठेवतं, त्यामुळे मॅपच्या वाटेने गाडीला मिळत नाहीत. त्यासाठी अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली ॲप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय लागते आणि त्याला फोनमध्ये नोटिफिकेशन वाचायची परवानगी द्यावी लागते. आमच्याकडची केबल नुसती चार्जिंगची निघाली, तिच्यातून डेटा जात नाही म्हणून स्क्रीनवर काहीच उघडत नव्हतं. तुम्ही स्वतःची केबल लावून दाखवलीत आणि दुकानात तशीच मागा म्हणालात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालू असताना आमच्या स्क्रीनवर फक्त नाव दिसतं आणि मेसेज ऐकता येतो. अख्खा मजकूर हँडब्रेक ओढल्यावरच उघडतो. ह्यांनी तुम्हाला विचारलं, हे लॉक काढता येईल का? कारण आधी एकाने थोड्या पैशांत काढून देतो म्हटलं होतं. तुम्ही लपवलं नाहीत. हँडब्रेकची वायर अर्थला दिली की स्क्रीनला वाटतं गाडी उभी आहे, पाच मिनिटांचं काम आहे, हे सरळ सांगितलंत. आणि लगेच म्हणालात, ‘पण मी हे करत नाही साहेब. ऐकायचं असेल तेवढं ऐका, वाचायचं असेल तर गाडी बाजूला घ्या.’ दादा, समोर पैसे द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक, दुपारची गर्दी, मागे दोन गाड्या केबिन उचलून उभ्या. तरी तुम्ही नाही म्हणालात, आणि का ते ह्यांना पटेपर्यंत बोललात. मी हे घरी कितीदा सांगितलं होतं. तुमच्या तोंडून आल्यावर ते ह्यांच्या मनात बसलं.

या कामाचे पैसे द्यायला गेलो तर तुम्ही टर्मिनलची पावती पुढे केलीत आणि पुढच्या गाडीकडे वळलात.

तेव्हापासून आमची एक रीत ठरली आहे. मी मेसेज लहान आणि एका दमात ऐकता येईल असा लिहिते. पत्ता किंवा आकडे असतील तर आधी ‘थांबल्यावर बघा’ असं पाठवते. हे ढाब्यावर किंवा टोलनाक्याच्या पुढे गाडी बाजूला घेऊन बघतात आणि मग फोन करतात. उत्तर उशिरा आलं तरी आता जीव टांगणीला लागत नाही.

तुमच्याकडून शिकलेलं पुढेही उपयोगी पडलं. माझ्या भावाकडे आयफोन आहे, त्याच्या गाडीतही हीच अडचण होती. त्याच्या फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढच्या गोल ‘आय’वर दाबलं, नोटिफिकेशन दाखवण्याचं बटण बंद होतं, ते चालू केलं आणि मेसेज यायला लागले. मोशीतल्या दोन ड्रायव्हरांच्या बायकांनाही मी परवानगीची खिडकी कशी वाचायची ते दाखवलंय. त्यातल्या एकीची गाडी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येईल. तिच्या स्क्रीनमध्ये मेसेजचा कप्पाच दिसत नाही, तेवढं बघून द्या. आणि या वेळी पैसे घ्या, ती ऐकणार नाही.

तुमची,
मोशीची वहिनी