आई-बाबा, कर्कवृत्त दिसतं बरं का

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई मधे बसून निम्मं स्वतःच्या मनाचं सांगते. मी म्हटलं सांचीला जाऊन आलो, बाबांपर्यंत पोचलं रांचीला. म्हणून आता सरळ टाईप करतेय, दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल.

तर सांचीला. रिटायर होऊन वर्ष होत आलं तरी कुठे गेलो नव्हतो, शेवटी डिसेंबरात ह्यांनी तिकिटं काढली. स्तूप छान आहे, सम्राट अशोकाच्या काळातला, तोरणांवरचं कोरीवकाम बघत दोन तास गेले, फोटो दादाच्या मोबाईलवर आहेत. पण मला सांगायचंय ते वेगळंच. भोपाळहून सांचीला जाताना ड्रायव्हर म्हणाला मॅडम इथून कर्क रेखा जाते, आणि गाडी थांबवली तर रस्त्यावर चक्क पांढऱ्या रेषा मारलेल्या, बाजूला बोर्ड! बाबा, तेहतीस वर्षं मी वर्गात सांगत आले की साडेतेवीस अंश उत्तर, आठ राज्यांतून जातं, गुजरातपासून मिझोरामपर्यंत मुलांकडून घोकून घेतलं, आणि दरवर्षी एक तरी कार्टं विचारायचंच, बाई ती रेषा दिसते का हो? दरवर्षी मी म्हणायचे, नाही रे बाळा, काल्पनिक असते. आणि इथे ऑईलपेंटने मारून ठेवलीय. एक पाय अलीकडे एक पाय पलीकडे ठेवून फोटो काढला, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय, हे ओरडतायत. एकवीस जूनला दुपारी तिथे सावली पायाखाली जाते, आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर, सावली चांगली लांबलचक पडलेली. त्या सगळ्या कार्ट्यांना बोलवून दाखवावंसं वाटलं.

(आणि तसं बघितलं तर रांचीही कर्कवृत्ताला चिकटूनच आहे, त्यामुळे आई फार चुकली नाही.)

बाबा, तुम्ही दर वेळी समोरच्या काकूंच्या मुलाचं विचारता, तो बोटीवर आहे तो. बरा आहे, आता सुट्टीवर आलाय. पण ते २०२४ च्या जानेवारीतलं तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केलेले आदल्या नोव्हेंबरात, टीव्हीवर नुसता आरडाओरडा, आणि काकूंना एवढंच कळलेलं की मुलाची बोट सुएझने न जाता कुठूनतरी लांबून जाणार. रात्री नवाला बेल वाजली, साडीला फॉल लावत होत्या तशाच आल्या, हातात सुई आणि जांभळा दोरा. म्हणाल्या बाई तुमच्याकडे नकाशा असेल ना. मी शाळेचा ॲटलास काढला, त्यांच्याच हातातला दोरा घेतला आणि वर्गात मुलांना अंतर मोजायला शिकवते तसा ठेवत गेले, मुंबई, एडन, लाल समुद्र, सुएझ, जिब्राल्टर, रॉटरडॅम. तिथे गाठ मारली. मग परत मुंबईपासून, आफ्रिकेच्या पार खाली केप ऑफ गुड होपला वळसा घालून वर. दोरा संपला. काकूंनी घरी जाऊन रीळच आणलं. दीडपटीच्या वर भरला. काकू बराच वेळ त्या दोऱ्याकडेच बघत बसल्या आणि मग काय विचारलं माहितीय? एवढे दिवस भाजी टिकते का बोटीवर? आता ह्याचं उत्तर भूगोलाच्या कुठल्या पुस्तकात आहे! पंधरा मिनिटं बसल्या, चहा नको म्हणाल्या. दोरा अजून त्या पानात आहे.

सुएझ १८६९ ला सुरू झाला, हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की झोपेतही सांगेन, पण ते साल कोणाच्या घरातलं असू शकतं हे मला त्या रात्री कळलं. तुम्हाला आधीपासून माहीत असणार. पोस्टात सॉर्टिंगला बसून पत्ते वाचत तुम्ही जग बघितलं. लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालं, बॉम्बेचं १९९५ ला मुंबई, तरी लोक जुनंच नाव लिहितात आणि पत्र पोचतं, असं तुम्ही जेवताना सांगायचात. आमच्या शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात तर २०११ नंतर दक्षिण सुदानची हद्द मी स्वतः बॉलपेनने मारली, नवीन नकाशाला पैसे नाहीत म्हणाले. जरा तिरकीच आली.

आणि हो, मेट्रो तीन. आरेला बसलो, त्याच्यापुढे सगळं जमिनीखालूनच, खिडकीबाहेर काळोख, प्रवास कसला तो, मला लोकलचा वारा लागतो. पण गिरगाव स्टेशन आलं आणि अंगावर काटा आला हो, आपल्या चाळीच्या खालून गाडी जाते! आम्ही उतरलो नाही, चाळीच्या जागी टॉवर बघवत नाही मला. सीएसएमटीला उतरून जीपीओत गेलो. घुमट तसाच आहे, आत गेल्यावर मान वर करून गोल गुंबजची गोष्ट मी ह्यांना सांगितली, तुम्ही मला सांगायचात तशी. कबुतरंही तशीच. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं माझे वडील इथे होते, ती म्हणाली हो का काकू, आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

रजिस्टर पोस्ट २०२५ ला स्पीड पोस्टात मिसळून टाकलं हे दादाने सांगितलं असेलच. तुम्हाला राग आला असणार. पिनकोडला कोणी हात लावला नाही अजून, वेलणकरांनी १९७२ ला दिला तसाच आहे. लहानपणी जेवताना तुम्ही आकडे टाकायचात आणि आम्ही गाव ओळखायचो, दादा नेहमी हरायचा, हे त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावा.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग, लाजू नको. आंबे दोन डझनांच्या वर पाठवू नका, इथे खाणारे आम्ही दोघंच. मेमध्ये येतेच. ॲटलास घेऊन येते, बाबा, तो दोरा तुम्ही एकदा परत मोजा, मला जिब्राल्टरच्या तिथे थोडा सैल पडल्यासारखा वाटतो.

तुमची,
बेबी