लहान माकडांना उंची द्या, आडोसा द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की मुंबईतली कुटुंबे मुलांना घेऊन राणीच्या बागेत जातात, बाहेरगावी फिरायला गेली तर तिथलेही प्राणिसंग्रहालय आवर्जून पाहतात. वाघ, हत्ती, अस्वले यांना पुरेशी मोकळी जागा मिळते का, याविषयी आता निदान बोलले तरी जाते. लहान माकडांच्या वाट्याला मात्र ही आस्था येत नाही. जीव लहान आहे, तेव्हा जागाही थोडी पुरेल, अशी समजूत पाहणाऱ्यांची असते आणि अनेक ठिकाणी बांधणाऱ्यांचीही असावी, असे पिंजरे पाहून वाटते. ही समजूत चुकीची आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मार्मोसेट, टॅमरिन, स्क्विरल मंकी ही दक्षिण अमेरिकेतील माकडे आपल्याकडील काही प्राणिसंग्रहालयांत पाहायला मिळतात. साध्या मार्मोसेटचे वजन सुमारे तीनशे ते चारशे ग्रॅम भरते, तर त्यांतली सर्वांत लहान जात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा प्राण्याला वरून शिकारी पक्ष्याचे आणि खालून साप व रानमांजरांचे भय असते. त्यामुळे त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य झाडावर जाते आणि धोका जाणवला की तो उंच फांदीवर किंवा दाट पाल्यात शिरतो. आता पिंजरे पाहा. मी पाहिलेल्या पिंजऱ्यांपैकी बरेच रुंदीला बरे, पण उंचीला कमी होते. काही तर काचेच्या खोक्यासारखे, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवलेले होते. पाहणाऱ्यांचे चेहरे माकडांच्या वर येतात, मुले काचेवर थापा मारतात आणि माकडाला वर जायला जागाच उरत नाही. अशा पिंजऱ्याचे क्षेत्रफळ कागदावर कितीही भरले तरी त्या प्राण्याच्या दृष्टीने ती जागा अपुरीच आहे, कारण त्याची सुरक्षितता जमिनीवरच्या चौरस मीटरांत नसून उंचीत आणि आडोशात आहे.

हे असे का होते, याचे एक कारण आपण प्रेक्षकच आहोत, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तिकीट काढून आलेल्या माणसाला प्राणी तत्काळ दिसायला हवा असतो. पिंजऱ्यात झाडी दाट असली की ‘इथे तर काहीच नाही’ असे म्हणत लोक पुढे सरकतात. मग झाडी विरळ होते, लपायची पेटी मागे जाते किंवा नाहीशी होते, आणि शेवटी सिमेंटच्या फरशीवर दोन वाळके बुंधे तेवढे उरतात. माकड सतत दिसते खरे, पण जे दिसते ते बहुधा एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेले किंवा त्याच त्या वाटेने येरझारा घालणारे माकड असते. दहा मिनिटे शांत उभे राहिल्यावर पानांतून एक तोंड बाहेर येते, असा पिंजरा मला कितीतरी अधिक शिकवून जातो.

फांद्यांचा प्रश्न तर शोभेचा मुळीच नाही. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलातील सोनेरी सिंह टॅमरिन 1970 च्या दशकाच्या आरंभी जेमतेम काहीशे उरले होते. जगभरातील प्राणिसंग्रहालयांनी मिळून त्यांची पैदास केली आणि 1984 पासून त्यांतले काही पुन्हा जंगलात सोडले जाऊ लागले. पिंजऱ्यांत जन्मलेल्या त्या माकडांना लवचीक, हलणाऱ्या फांद्यांवरून वाट काढणे जमेना, भक्ष्य हुडकून खाणेही जमेना, आणि सुरुवातीला सोडलेल्यांपैकी बरीच दगावली. पुढे पद्धत सुधारली, सोडलेल्यांना काही काळ आधार दिला गेला आणि आज ती जात हजारांच्या घरात आहे. प्राणिसंग्रहालयांचे हे श्रेय मोठे आहे आणि ते मी मनापासून मान्य करते. परंतु घट्ट बसवलेल्या लोखंडी दांड्यांवर वाढलेले माकड खऱ्या झाडावर गोंधळते, हा त्या प्रयोगाचा धडा आपल्याकडे पिंजरे आखणाऱ्यांनीही घ्यायला हवा. दोर, वेली, झुलत्या आणि वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या, वरचेवर बदललेली त्यांची मांडणी यांसाठी फार पैसा लागत नाही.

मार्मोसेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मुलांना कळली तर ती पिंजऱ्यासमोरून हलणार नाहीत. हे माकड खालच्या पुढच्या दातांनी झाडाची साल पोखरते आणि पाझरलेला डिंक खाते. त्यासाठी उभ्या खोडाला धरून राहता यावे म्हणून त्याच्या पायाचा अंगठा सोडता सर्व बोटांना नखरांसारखी नखे असतात. चांगल्या प्राणिसंग्रहालयांत लाकडाला भोके पाडून त्यांत बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक भरून ठेवतात, म्हणजे त्याचा दिवसाचा बराच वेळ आपल्या स्वाभाविक कामात जातो. ज्या घरांत दर हिवाळ्यात डिंकाचे लाडू होतात, तिथल्या मुलांना हे समजावून सांगणे काही अवघड नाही. ही माकडे फांद्यांवर आपला गंध लावून ठेवतात. म्हणून संपूर्ण पिंजरा एकाच दिवशी घासूनपुसून लख्ख केला तर ती अस्वस्थ होतात, आणि जाणकार कर्मचारी एका वेळी थोडाच भाग स्वच्छ करतात. जुळी पिल्ले होणे हे त्यांच्यात नेहमीचे आहे आणि ती पिल्ले पाठीवर वागवण्याचे काम बाप आणि कळपातली इतर मंडळी करतात. एकटे ठेवलेले मार्मोसेट पाहून मला वाईट वाटते ते याचसाठी.

काचेविषयी थोडे अधिक. दक्षिण अमेरिकी माकडांना ड-3 जीवनसत्त्वाची गरज मोठी असते आणि ते शरीरात तयार होण्यासाठी लागणारे अतिनील किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. पुरेसे ऊन किंवा योग्य आहार न मिळाल्यास त्यांची हाडे मऊ पडतात. मुंबईत उन्हाची वाण नाही आणि उष्ण, दमट हवा या माकडांना परकी नाही. जाळीचा उंच बाहेरचा भाग आणि मुसळधार पावसात आत जाण्यासाठी कोरडी खोली, एवढे येथे सहज साधू शकते. मात्र जाळी असेल तिथे प्रेक्षक आणि प्राणी यांच्यात अंतर हवेच. माणसाच्या ओठांवर ताप उतरल्यावर जे फोड येतात, त्यांचा विषाणू मार्मोसेटला प्राणघातक ठरू शकतो, त्यामुळे अर्धे खाल्लेले बिस्किट जाळीतून सरकवणे हा लाड नव्हे.

राणीच्या बागेत 2017 पासून लोक हम्बोल्ट पेंग्विन पाहत आहेत. त्यांच्यासाठी थंड हवेची वेगळी इमारत उभारता येते, तर लहान माकडांसाठी उंच, झाडीने भरलेले निवारे बांधणे महानगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचे नाही. सिंगापूरच्या प्राणिसंग्रहालयात तर टॅमरिन झाडांवर मोकळी फिरताना दिसतात. आपल्याकडच्या गर्दीत तसे करा, असे मी म्हणणार नाही. पण उद्या येथे अशी माकडे आणण्याचे ठरले, तर निवारा आधी सिद्ध व्हावा आणि प्राणी नंतर यावेत. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात लपवलेले विदेशी प्राणी पकडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून वारंवार येतात, म्हणजे सोडवलेल्या प्राण्यांना ठेवायचे कुठे हा प्रश्नही केव्हातरी दारात उभा राहणारच.

प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणे, खायला घालणे किंवा गोंगाट करून त्रास देणे यांस वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 38-जे नुसार मनाई आहे. हे कलम सोप्या मराठीत प्रत्येक माकडाच्या पिंजऱ्यासमोर, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावावे, आणि त्याच फलकावर ‘माकड दिसत नसेल तर ते पानांत विश्रांती घेत आहे, थोडे थांबा’ असेही लिहावे, अशी संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे. गर्दीच्या दिवसांत त्या फलकाशेजारी एखादा माहीतगार कर्मचारी उभा करता आला, तर फारच उत्तम.

आपली विश्वासू,
एक वाचक
परळ, मुंबई