जुन्या जर्नलवरून

प्रिय विन्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. तुझ्या दोन फोनांना "नंतर बोलतो" म्हणालो आणि ते नंतर काही उजाडलं नाही. शिव्या घाल, पण आधी वाच. घरी सांगून बघितलं, तर "मग त्यात काय एवढं?" असं ऐकून घ्यावं लागलं. त्यात काय एवढं ते तुलाच कळेल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

यंदा छात्राध्यापकांच्या बाबतीत मी हट्टच धरला. टाचणं, सराव पाठ, फळ्यावरचं अक्षर होत राहील. त्याआधी सहा आठवडे प्रत्येक गटानं एकेक प्रश्न स्वतः तपासायचा आणि उत्तर मी सांगणार नाही. उद्या हीच मंडळी वर्गात "प्रयोग करून बघा" म्हणणार, आणि उत्तर आधी छापलेलं नाही असा एकही प्रयोग यांनी कधी केलेला नाही. पोहायला शिकवणारा काठावर कोरडा! (हे मी मीटिंगमध्येही टाकलं. कुणी हसलं नाही.)

गणितवाल्यांना वर्तुळ दिलं. परिघावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जोडा, तुकडे मोजा. 1, 2, 4, 8, 16. सहा बिंदूंना सगळ्यांनी न मोजताच 32 लिहून टाकलं. मोजल्यावर आले 31. एकाला 30 आले, त्याला वेड्यात काढलं. त्यानं बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले होते, त्यामुळे तीन रेषा मधोमध एकाच ठिकाणी भेटल्या आणि एक तुकडा गायब झाला. दोन दिवस भांडत होते. मी खूश.

दुखणं आहे ते लंबकाचं. दोघी जणींचा गट. एक मीटर लांबी, 20 दोलनं. 10 अंशांवरून सोडला तर 40.2 सेकंद, 60 अंशांवरून 42.5. वही घेऊन माझ्याकडे आल्या. आणि मी, उत्तर न सांगणारा मी, आकड्यांवर नजर टाकून म्हणालो, "20 ऐवजी 21 दोलनं मोजलीत. एका दोलनाला दोन सेकंद, साधारण तेवढाच फरक आहे. परत करा." किती तयार उत्तर बघ! दोलनकाल झोक्यावर अवलंबून नसतो, झालं. त्या वाक्यातलं 'लहान कोनासाठी' मी इतकी वर्षं फळ्यावर लिहितोय, कधी वाचलेलं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढूनच आल्या. 20 म्हणजे 20च. त्यातली एक वर्गात कधी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "सर, आम्ही नुसती 10 पण मोजली. 20.1 च्या जागी 21.4 आले. मोजताना एक जास्त धरलं असतं तर इथंही दोन सेकंदच वाढले असते ना? इथं तर सव्वा सेकंदच वाढलाय. म्हणजे प्रत्येकच दोलन थोडं थोडं लांबतंय. आणि पहिल्या दहांत जास्त, कारण तेव्हा झोका मोठा असतो."

मी खुर्चीत बसलो. झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच, असं गॅलिलिओ मानायचा. हायगेन्सनं 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ केलं आणि या मोठ्या झोक्यानंच त्याला छळलं. शेवटी त्यानं लंबकाला वर्तुळाचा मार्ग सोडायला लावला, चक्रजावरून (सरळ रस्त्यावर चाक फिरताना त्याच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या वक्रावरून) फिरवलं. हे मला पाठ आहे रे. परीक्षेत लिहून गुण घेतलेत. समोर 42.5 आलं तेव्हा मात्र आठवली ती फक्त मुलींची चूक.

मग तिनं विचारलं, "सर, तुम्हाला कधी असं वेगळंच रीडिंग आलं होतं?"

काय सांगणार? आपण येऊच कुठं दिलं? आधी गुरुत्वीय त्वरणाचं छापील उत्तर, 9.8, लिहायचं, मग उलटे जात जात लंबकाचे सेकंद भरायचे. तू सांगायचास, मी लिहायचो. (उलटं होतं असं तू अजून म्हणतोस. अक्षर बघ जर्नलमधलं!) संशय येऊ नये म्हणून मध्येच एक 9.7 घालायची अक्कल मात्र तुझी, ते मान्य. नाना स्टुलावर डुलक्या घेत होते, आणि आपला लंबक कपाटातून बाहेरही आला नव्हता.

मी तिला म्हणालो, "नंतर सांगतो."

तेव्हापासून झोप नाही. बुधवारी गट सगळ्यांसमोर मांडणी करणार आहेत. ती पुन्हा विचारील, गप्प मुली विसरत नाहीत. खरं सांगितलं तर सहा आठवडे "आलं तेच लिहा" म्हणून ओरडणाऱ्या माझं काय राहिलं? नाही सांगितलं तर ही उद्या शाळेत जाईल, कुणीतरी पोरगं 42.5 लिहून आणील, आणि घंटा व्हायला पाच मिनिटं उरलेली असतील. तेव्हा हिच्या तोंडून माझंच वाक्य निघालं तर? खरं म्हणजे ज्यानं आयुष्यात संशोधन म्हणून काही केलं नाही त्यानं हा उद्योग काढावाच का, इथपर्यंत माझी गाडी गेलीय. "तू फार तर मास्तर होशील" असं तू त्या रात्री गच्चीवर म्हणाला होतास. अजून राग आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा हात प्लास्टरमधून सुटला का? चिनूला आशीर्वाद, तिच्या निकालाचं सुमीकडून कळलं.

आणि ते जर्नल तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे. त्या पानाचा फोटो मंगळवारपर्यंत पाठव. 9.7 दिसायला हवा. तुझं नाव घेऊ की नको तेही कळव.

तुझा,
बाळ्या