तारीख छापली म्हणजे माल थंड राहिला असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॅकेटमधलं अन्न ताजं आहे की नाही हे रंग बदलून सांगणाऱ्या लेबलांबद्दल, सेन्सरबद्दल हल्ली बरंच वाचायला मिळतं आणि दर वेळी ते काहीतरी पुढे कधीतरी येणारं आहे अशा सुरात लिहिलेलं असतं. मी नर्स होते, नोकरीतली बरीच वर्षं लसीकरणात गेली, म्हणून कळकळीने लिहितेय. असं लेबल पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीच्या बाटलीवर १९९६ पासून आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाटलीवर एक छोटासा जांभळट गोल असतो आणि त्याच्या मधोमध चौकोन. लस थंड राहिली असेल तर चौकोन फिक्का, जवळजवळ पांढरा दिसतो, उष्णता लागत गेली की तो हळूहळू गडद होतो आणि गोलाइतका गडद झाला की बाटली बाद, मग एक्सपायरी पुढच्या वर्षीची का असेना. बर्फाच्या पेटीतून बाटली काढायची, अंगठ्याने वरची ओल पुसायची, उजेडाकडे धरायची, चौकोन बघायचा आणि मगच टोपण उघडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा रंग मागे जात नाही. मधे चार तास पेटी उन्हात राहिली आणि नंतर कोणी गुपचूप फ्रिजमध्ये टाकली तरी बाटली हाताला गार लागेल पण चौकोनात ते चार तास राहतातच.

आता खाण्याच्या पॅकेटचं बघा. मध्यंतरी मी चिकनचं पॅकेट आणलं, तारखेला तीन दिवस बाकी होते, हाताला चांगलं गार लागत होतं, घरी येऊन फोडलं तर वास आला आणि बोटाला चिकट लागलं. परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला, "मावशी, तारीख तर आहे ना अजून." मग खोदून विचारल्यावर कळलं की रात्री फ्रिज बंद पडला होता, सकाळी चालू झाला आणि माल परत गार झाला. तो खोटं बोलत नव्हता, तारीख खरंच होती. पण ती तारीख कंपनीने माल भरताना छापलेली असते, हा माल शेवटपर्यंत ठरलेल्या थंडाव्यात राहील असं धरून. ट्रकमध्ये, गोदामात, दुकानात काय झालं ते तिला कुठून कळणार? माझ्या घरात ऐंशीच्या पुढची आई आहे, तिला एकदा पोट बिघडलं की आठ दिवस उठवत नाही, म्हणून मी नाक लावून बघते, सगळे कुठे बघतात.

या लेबलांचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि ते एकात एक मिसळले जातात म्हणून थोडं सांगते. एक प्रकार लसीसारखा, किती वेळ किती उष्णता लागली याचा हिशोब ठेवणारा. दुसरा पॅकेटच्या आतली हवा बघतो, म्हणजे मासळी खराब व्हायला लागली की अमोनिया, ट्रायमिथिलअमाइन असले वायू सुटतात आणि त्याने आतल्या पट्टीचा रंग बदलतो, लाल कोबीच्या रंगापासूनसुद्धा अशा पट्ट्या करता येतात. तिसरा ऑक्सिजनचा, पॅकेट कुठे फुटलं आणि हवा आत शिरली की छोटी गुलाबी गोळी निळी होते. माझा भर पहिल्यावर आहे, कारण गडबड झाली हे तो वास सुटायच्या आधी सांगतो. आणि तो ज्या त्या मालाप्रमाणे लावता येतो. पोलिओच्या लसीचं लेबल ३७ अंशाला २ दिवसांत बाद दाखवतं, हेपॅटायटिस बीच्या लसीचं ३० दिवसांत, कारण ती लस जास्त टिकते. दुधाला वेगळं, मासळीला वेगळं असं का नाही करता येणार?

दुकानदार म्हणतील की असं लेबल लावलं तर गिऱ्हाईक गडद दिसणारं पॅकेट उचलणारच नाही, नुकसान आमचं. ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण आम्ही लसीच्या बाबतीत काय करायचो, ज्या बाटलीचा चौकोन जास्त गडद झालाय पण अजून बाद नाही ती आधी वापरायची, तिची एक्सपायरी नंतरची असली तरी. दुकानात तेच करा ना, ज्याला उष्णता लागलीय ते पुढे ठेवा, आधी विका. उलट आज तारीख उलटली म्हणून नीट थंड राहिलेला चांगला मालही टाकला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. त्यातलं किती नुसतं तारीख बघून गेलं असेल याचा विचार केला की जीव तुटतो.

एका गोष्टीची मात्र भीती वाटते आणि ती स्पष्ट लिहायला हवी. लेबलचा रंग ठीक आहे म्हणजे अन्न सुरक्षित आहे असं कंपन्यांनी अजिबात छापू नये. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो, वास नाही, चव बदलत नाही, आणि गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना तोच सगळ्यात जास्त घातक. उष्णता मोजणाऱ्या लेबलला तो दिसत नाही, वायू ओळखणाऱ्या पट्टीलाही दिसेलच असं नाही. म्हणून लेबल हे माल नाकारायचं आणखी एक कारण म्हणून असावं, तारीख आहे तिथेच राहू दे आणि नीट शिजवणंही आलंच.

मागणी एवढीच आहे की हे लेबल गिऱ्हाइकाच्या हातात येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर लावा. तापमान नोंदवणारी यंत्रं आजही ट्रकमध्ये आणि मोठ्या खोक्यांत असतात, पण ती माहिती कंपन्यांच्या आपापसात फिरते, खाणाऱ्यापर्यंत येत नाही. खोक्यातून पॅकेट बाहेर निघालं की पुढचा हिशोब संपला, आणि माझं चिकन तर दुकानातच बिघडलं. अमेरिकेत हवा काढून पॅक केलेल्या ताज्या मासळीसाठी एफडीएचं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाचं, मार्गदर्शन प्रत्येक पॅकेटवर असं लेबल लावायला सुचवतं, कारण तसल्या पॅकेटमध्ये ३.३ अंशाच्या वर बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू विष तयार करू शकतो आणि वास येईलच असं नाही. तिथे मासळीला सुचवता येतं तर बाकीच्या नाशवंत मालालाही येईल.

आणि जे कोणी हे लेबल बनवतील त्यांनी लाल-हिरव्याच्या भानगडीत पडू नये ही विनंती. बऱ्याच जणांना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत, आईला मोतीबिंदूमुळे रंग नीट कळत नाहीत. लसीच्या लेबलात फक्त फिक्कं आणि गडद एवढंच बघायचं असतं, ते तिला मी शेजारी बसून दाखवलं तर एका मिनिटात समजेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका