बँकेवर विश्वास ठेवतोस, मग यांच्यावर का नाही?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. संस्थेची वेबसाइट बंद करायची, सभासदांना जाणारी ई-मेल थांबवायची आणि सगळा कारभार फेसबुकच्या पानावर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर न्यायचा, असा प्रस्ताव पुढच्या बैठकीत येतोय आणि तुझा कल त्याच बाजूने आहे, हे वाचलं. खर्च वाचेल आणि सभासद तसेही तिथेच असतात, हे तुझे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. मी अडखळलो ते तिसऱ्या मुद्द्याशी. तू विचारतोस, ‘आपण पैसे बँकेत ठेवतोच ना? बँकही नफ्यासाठीच चालते. मग यांच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?’

प्रश्न चांगला आहे, म्हणूनच उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बस.

बँकेवर आपण विसंबतो ते मॅनेजरचा चेहरा बघून नव्हे. तिचे हिशेब बाहेरचा माणूस तपासतो, वर नियामक असतो, ठेवीवर विमा असतो आणि खात्यात काही इकडचं तिकडे झालं तर ते तुला पासबुकात दिसतं. एवढं सगळं असूनही बँका बुडतात. आता फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, टिकटॉक, एक्स (म्हणजे पूर्वीचं ट्विटर) यांच्याकडे बघ. तुझ्याबद्दल त्यांच्याकडे नेमकं काय साठलंय, तुला अमुक पोस्ट का दिसली आणि तमुक का नाही, याचं पासबुक कुठे आहे? ते देतील तेवढंच तुला दिसतं. माझा आक्षेप मुख्यतः हाच आहे. ही माणसं दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचं म्हणणं खरं की खोटं हे बाहेरून पडताळता येत नाही आणि ज्या ज्या वेळी पडताळायची संधी मिळाली, त्यातल्या बऱ्याच वेळा ते खोटं किंवा अर्धवट निघालं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुला व्हॉट्सॲप सगळ्यात जवळचं, म्हणून तिथून सुरुवात करतो. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलं, जाहीर झालेली किंमत १९ अब्ज डॉलर. युरोपियन कमिशनने परवानगी देताना विचारलं, की दोन्हीकडची खाती एकमेकांशी जोडणार का? फेसबुकने सांगितलं, खात्रीलायकपणे तसं आपोआप जोडणं आम्हाला शक्य नाही. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, व्हॉट्सॲपच्या अटी बदलल्या आणि फोन नंबर फेसबुकच्या खात्यांशी जोडले जाऊ लागले. कमिशनने चौकशी केली तेव्हा निघालं काय, तर ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे हे कंपनीतल्या लोकांना २०१४ मध्येच ठाऊक होतं. मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोचा दंड झाला. खरेदी मात्र तशीच राहिली. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी पुढे कंपनी सोडली आणि मार्च २०१८ मध्ये लोकांना फेसबुक काढून टाकायचा जाहीर सल्ला दिला. ज्याने विकलं त्यानेच असं म्हणावं, यातली गंमत मी तुझ्यावर सोडतो.

आता याहून साधी आणि मला जास्त चीड आणणारी गोष्ट. खातं सुरक्षित राहावं म्हणून फोन नंबर द्या, असा आग्रह या कंपन्या आपल्याला सतत करत असतात. ट्विटरनेही तो केला. २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून जास्त लोकांनी सुरक्षेसाठी म्हणून नंबर किंवा ई-मेल दिली. ट्विटरने ती जाहिराती नेमक्या माणसापर्यंत पोचवायला वापरू दिली. मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्याबद्दल १५ कोटी डॉलरचा दंड झाला. फेसबुकनेही सुरक्षेसाठी घेतलेले नंबर असेच जाहिरातींसाठी वापरले होते. म्हणजे ज्याने काळजीपूर्वक वागायचं ठरवलं, त्याच्याच काळजीचा माल केला. खासगी माहितीच्या बाकी प्रकरणांत काही ना काही तांत्रिक गुंतागुंत तरी सांगता येते. इथे तीही नाही.

तू म्हणशील, चुका होतात, दंड होतो, कंपन्या सुधारतात. बघू या. फेसबुकने २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे लेखी बंधन मान्य केलं होतं, की खासगीपणाबद्दल लोकांची दिशाभूल करणार नाही. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी एक प्रश्नावलीचं ॲप घेतलं आणि त्यांच्या मित्रयाद्यांमधून, फेसबुकच्याच अंदाजाप्रमाणे, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती एका राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. या कोट्यवधींनी कशालाही होकार दिला नव्हता. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी दिला होता. २०१५ पासून फेसबुकला हे ठाऊक होतं. वापरकर्त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. २०१९ मध्ये, जुनं बंधन मोडल्याबद्दल, ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण आदल्या वर्षीचं कंपनीचं उत्पन्न ५५ अब्ज डॉलरहून जास्त होतं आणि दंड साधारण एवढाच होणार अशी बातमी फुटली त्या दिवशी शेअरचा भाव वर गेला. बाजाराला हिशेब बरोबर कळतो.

आणि मालकाला आतून कोणी जाब विचारील म्हणावं, तर तीही सोय नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ज्या कंपनीचे आहेत त्या मेटामधल्या भागधारकांच्या मतांचा अर्ध्याहून जास्त हिस्सा एकट्या मार्क झकरबर्ग यांच्या हातात आहे, कारण त्यांच्या खास शेअरना प्रत्येकी दहा मतं आहेत. बाकीच्या भागधारकांनी एकत्र येऊन ठराव केला तरी तो पडतो.

एक कबूल करायला हवं, आतली बरीच माणसं प्रामाणिक आहेत. आपल्याला आज जे कळतं त्यातलं पुष्कळसं त्यांच्यामुळेच. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेली कागदपत्रं म्हणजे कंपनीतल्याच संशोधकांचं काम होतं. इन्स्टाग्राममुळे किशोरवयीन मुलींमध्ये, दर तिघींमागे एकीच्या बाबतीत, स्वतःच्या शरीराबद्दलचा त्रास आणखी वाढतो, असं त्यांनी आतल्या सादरीकरणात लिहून ठेवलं होतं. बाहेर मात्र कंपनी लोकांशी जोडलं जाण्याचे फायदे सांगत होती. संशोधन कच्चं होतं, काही मुलींना उलट बरंही वाटत होतं, असा खुलासा कंपनीने केला. ठीक आहे. मग ते संशोधन बाहेरच्या जाणकारांना आधीच का दाखवलं नाही? याला मला आजवर पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

त्याच कागदपत्रांमधली दुसरी गोष्ट. फेसबुकवर सगळ्यांना नियम सारखे, असं आपण समजत होतो. प्रत्यक्षात बड्या लोकांसाठी ‘क्रॉसचेक’ नावाची वेगळी वाट होती आणि २०२० मध्ये त्या यादीत ५८ लाख खाती होती. कंपनीनेच नेमलेल्या ओव्हरसाइट बोर्डाने विचारलं तेव्हा, ही व्यवस्था थोड्याच निर्णयांना लागू होते, असं सांगितलं गेलं. खरं बाहेर आल्यावर, तसं म्हणायला नको होतं, अशी कबुली. आपल्याच पंचांना हे असं सांगतात, तर तुझ्या संस्थेच्या कार्यकारिणीची काय कथा!

भाषेचा मुद्दाही विसरू नकोस, कारण आपण इंग्रजीत लिहीत नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध द्वेषाचा पूर फेसबुकवरून वाहत होता आणि २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषेतला मजकूर तपासायला कंपनीकडे दोन माणसं होती. दोन! ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांवर माणसं देश सोडून बांगलादेशात गेली. हिंसा फेसबुकने घडवली असं नव्हे, ती सैन्याने केली. पण आपण पुरेसं काही केलं नाही, हे कंपनीने स्वतःच २०१८ मध्ये मान्य केलं. ज्या भाषेतून जाहिरातीचा पैसा कमी, तिची राखण शेवटी, असा हा क्रम आहे.

‘वर्तमानपत्रं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत?’ असं तू विचारशीलच. नाहीत. पण वर्तमानपत्राचं पहिलं पान तुला, मला आणि त्याच्या टीकाकाराला एकच दिसतं. त्यात खोटं छापलं तर पन्नास जण बोट ठेवू शकतात. फीडचं, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणाऱ्या पोस्टच्या रांगेचं, तसं नाही, ती प्रत्येकाला वेगळी दिसते आणि दुसऱ्याला काय दाखवलं हे कुणालाच कळत नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या काही आनंदी किंवा काही दुःखी पोस्ट कमी केल्या आणि त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर काय फरक पडतो ते पाहिलं. परिणाम किरकोळ निघाला, हे खरं. पण त्या लोकांना पत्ताही नव्हता आणि २०१४ मध्ये शोधनिबंध छापून आला नसता तर आपल्यालाही लागला नसता.

बाहेरून डोकावायला ज्या दोन-चार खिडक्या होत्या, त्याही बंद होत चालल्यात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. कुठली पोस्ट किती पसरतेय हे पत्रकारांना आणि संशोधकांना दाखवणारं क्राउडटँगल मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. राजकीय जाहिरातींचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांची खाती २०२१ मध्ये बंद केली आणि कारण दिलं खासगीपणाचं, तेही ट्रेड कमिशनपुढच्या बंधनाचा हवाला देऊन. त्यावर खुद्द ट्रेड कमिशनने, आमच्या नावाने हे सांगू नका, असं सुनावलं. ट्विटर विकलं गेल्यावर २०२३ मध्ये संशोधकांना मिळणारी फुकट माहितीही थांबली. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने एक्सला १२ कोटी युरोचा दंड केला, त्याची तीन कारणं वाच: पैसे भरून मिळणाऱ्या निळ्या खुणेने लोकांची फसगत, जाहिरातींची अपुरी नोंद आणि संशोधकांची अडवणूक. टिकटॉकचं तर आणखी सरळ. पत्रकारांवर पाळत ठेवल्याची बातमी ऑक्टोबर २०२२ मध्ये आली तेव्हा साफ इन्कार, आणि डिसेंबरमध्ये मूळ कंपनीची कबुली, की आमच्या कर्मचाऱ्यांनी पत्रकारांची माहिती काढली होती. बातम्या कोण फोडतो ते शोधायला.

आता तुझ्या सभासदांशी थेट संबंध असलेली गोष्ट. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने मेटाची आतली कागदपत्रं छापली. त्यांत २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे १६ अब्ज डॉलरच्या आसपास, फसवणुकीच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा अंदाज होता. अंदाज ढोबळ आणि फुगलेला आहे, असं मेटाचं म्हणणं. निम्मा धर, तरी बघ काय उरतं. तुझे निवृत्त सभासद संस्थेची सूचना वाचायला रोज त्या पानावर जाणार, आणि सूचनेच्या खाली काय दिसेल ते तुझ्या हातात नाही.

म्हणून पान बंद कर असं मी सांगत नाहीये. मीही तिथे आहेच, आणि राहणार. कार्यक्रमाची जाहिरात, फोटो, अभिनंदनं, खुशाल तिथे टाका. पण सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, निवडणुकीची सूचना, सभेचं इतिवृत्त या गोष्टी संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर आणि ई-मेलवरच राहू देत. खर्चाचं म्हणशील तर वेबसाइट साधी कर, नुसती पानं आणि सूचना. तिला फारसं काही लागत नाही. आणि एखाद्या सकाळी पान बंद पडलं, तर तक्रार करायला तिथे माणूस सापडत नाही, हेही बैठकीत सांग. हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा लवकर पटेल असं मला वाटतं.

बैठकीपूर्वी सभासदांच्या ई-मेलची यादी एकदा तपासून तिची प्रत संस्थेच्या संगणकावर ठेव. ठरावाचा कच्चा मसुदा हवा असेल तर कळव, लिहून पाठवतो. आणि तुझ्या कार्यकारिणीत याच्या उलट बाजूने कोणी जोरदार बोललं, तर ते काय म्हणाले तेही सविस्तर लिही.

तुझाच,
मित्र