रोगप्रतिकारक चाऱ्याची पारख

महोदय,

रोगप्रतिकारक चारा वाणांविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. हे वाण कसे पारखले, याचा उल्लेख मात्र त्यात नाही. ज्वारीवरील केवडा हा रोग दमट, थंड रात्री फैलावतो, त्यामुळे विदर्भात पावसाने दडी मारली की रोगाला बळी पडणारा वाणही निरोगी दिसतो. म्हणूनच रोगट रोपांच्या ओळी मधूनमधून पेरून सर्व वाणांना सारखी लागण घडवावी लागते आणि शेजारी हमखास रोग येणारा वाण ठेवावा लागतो. तोच निरोगी राहिला, तर ती चाचणी बाद. लसूणघास तर परपरागीत, म्हणजे दुसऱ्या रोपाच्या परागाने बी धरणारे पीक; त्याच्या एकाच वाणातील सगळी रोपे सारखी नसतात, म्हणून तेथे प्रतिकारक रोपांची टक्केवारीच सांगायला हवी. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र नेहमीच हिरवेगार असते. निदान कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत तरी हा तपशील छापावा.

– एक पशुपालक, यवतमाळ जिल्हा